५ वॅटच्या व्हॉल्व्ह अँपवर बास रेकॉर्ड होईल का?

खर्जातला: पॅसिव्ह (बॅटरीविना चालणारा) प्रिसिजन बास गिटार आहे, ऑडिओ इंटरफेसला (कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचा डबा) दोन इनपुट. ५ वॅटचा, ८ इंची स्पीकरचा गिटार अँप मिळतोय. घेऊ, की सरळ डीआय, म्हणजे अँप-माइकशिवाय बास थेट इंटरफेसला?

तारसप्तक: दोन्ही एकदम. खालच्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झ. मागून उघड्या ८ इंची पेटीतून तो जेमतेम येतो, आणि छोटा आउटपुट ट्रान्सफॉर्मर तिथेच आधी गुदमरतो. तळ डीआयकडून घ्या, अँपकडून फक्त खरखर. अँपच्या ट्रॅकला १०० हर्ट्झवर हाय-पास (त्याखालचे स्वर कापणारा फिल्टर) लावा. डीआय बॉक्स नसेल तर इंटरफेसचा १ मेगाओहमच्या आसपासचा इन्स्ट्रुमेंट इनपुटच वापरा. लाइन इनपुटला पॅसिव्ह पिकअपची वरची धार मरते.

सोल्डरवाला: माइक ३० सेंमीवर असेल तर आवाज ०.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, ४८ किलोहर्ट्झला ४२ सॅम्पल. अँपचा ट्रॅक तेवढा आधी सरकवा, म्हणजे तो डीआयशी जुळेल. हाय-पासनेही फेज (लहरींची वेळेतली जुळणी) फिरते, म्हणून फिल्टर लावल्यावरच एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटून ऐका. जिकडे तळ भरीव, ती ठेवा.
स्पीकर काढून अँप चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. अमेरिकी १२० व्होल्टचा असेल तर व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच.

खर्जातला: मग मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांतला तो गुबगुबीत बास?

तारसप्तक: तिथला बासवादक जेम्स जेमर्सन, त्याचा बास बहुतेक थेट कन्सोललाच जायचा! जाड फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा, त्याही जुन्या. आधी तारा बदला, अँप नंतर.