मदत हवी आहे: वर्षाच्या मध्यात आलेली परभाषक मुलं आणि मधल्या सुट्टीतलं 'बाहेरचे'

इयत्ता पाचवी, पट ३४. स्थलांतरित कुटुंबांतली चार मुलं नव्याने दाखल झाली आहेत, शाळेची भाषा त्यांना येत नाही. गणिताच्या चाचणीत जवळपास शून्य, म्हणून एक इयत्ता खाली बसवावं असं काही शिक्षकांचं मत आहे. शिवाय मधल्या सुट्टीत 'बाहेरचे' म्हणून चिडवणं सुरू झालंय. काय करावं?

प्रतिसाद १
खाली बसवू नका. ती चाचणी भाषेची झाली, गणिताची नाही. तीच उदाहरणं नुसत्या अंकांत आणि आकृत्यांत देऊन बघा.

द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या अभ्यासानुसार बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पाठ्यपुस्तकाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. 'आता छान बोलतो की' म्हणत मधेच मदत काढून घेतली जाते आणि मूल तिथेच मागे पडतं. सुरुवातीचे काही महिने मूल गप्प राहू शकतं. ऐकणं चालू असतं, तेव्हा सक्ती नको. बोट दाखवून, चित्र काढून दिलेलं उत्तर चालवा. पालकांना घरची भाषा सोडायला तर मुळीच सांगू नका. अपूर्णांक घरच्या भाषेत कळला असेल तर इथे फक्त शब्द शिकायचा उरतो.

सोबती दोन नेमा, दर दोन आठवड्यांनी बदला. एकटाच असला की त्याचा दुभाषा होतो आणि तो कंटाळतो.

प्रतिसाद २
चिडवण्याबद्दल. शेजारी बसवलं की मैत्री होते, असं नाही. दोन गट जवळ आल्यावर पूर्वग्रह कमी व्हायला काय लागतं, याच्या अटी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडल्या होत्या: दर्जा समान, ध्येय एक, काम मिळून करायचं आणि वरिष्ठांचा उघड पाठिंबा. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांची १९७१ची 'जिगसॉ' पद्धत यात चपखल बसते. पाच-सहा जणांचे गट करा, धड्याचे तेवढेच तुकडे करा. वेगवेगळ्या गटांतली, सारखाच तुकडा मिळालेली मुलं आधी एकत्र बसून तयारी करतात, मग आपापल्या गटात येऊन शिकवतात. प्रत्येकाचा तुकडा लागतोच, म्हणून ऐकावं लागतं.

प्रश्नकर्ता
पण भाषाच येत नसेल तर तो तुकडा कोण शिकवणार? गट चिडेल.

प्रतिसाद २
चिडेल, तयारीशिवाय दिला तर. नव्या मुलाला चित्रांचा किंवा नकाशाचा तुकडा आदल्या दिवशी द्या, सोबत पाच-सहा शब्द आणि दोन तयार वाक्यं. चौघांना एका गटात कोंबू नका, पण एकेकटं पाडूही नका, दोन-दोन ठेवा.

वर्षातून एकदा वेशभूषा करून त्यांना मंचावर उभं करणं टाळा, त्याने 'वेगळे' हेच ठसतं.

प्रतिसाद ३
चिडवल्याची दखल त्याच दिवशी घ्या, दोघांशी वेगवेगळं बोला. सगळ्यांसमोर माफी मागायला लावली की राग नव्या मुलावर निघतो. वहीत नेमके शब्द, जागा, वेळ आणि पाहणारे कोण ते लिहा. महिनाभराच्या नोंदी एकत्र वाचल्या की ठरावीक जागा दिसू लागतात. देखरेख तिथे वाढवा.