अनुभव धागा : साक्ष नको, शंका सांगा

चर्चच्या मंडळीत कुणी साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, उभं राहिलं की शेवट ठरलेला. प्रार्थना केली, प्रभूनं ऐकलं, हालेलूया. ज्यांचं ऐकलं गेलं नाही त्यांना कुणी उभं करत नाही. बायबलात मार्क ९:२४ मधला बाप मात्र आजारी पोराला घेऊन येतो आणि येशूला तोंडावर सांगतो की विश्वास आहे, पण माझा अविश्वास तूच घालव. त्याला कुणी हाकललं नाही, पोरगाही बरा झाला. तेव्हा कॅथलिक, प्रोटेस्टंट, चर्च सोडलेले, सगळ्यांनी लिहा. उपदेश तेवढा नको.

नगरकर : ताईच्या आजारपणात घरी रोज प्रार्थनासभा. एकदा बाहेरगावचे प्रचारक आले, कपाळाला तेल लावलं आणि म्हणाले, "बरी झालीस. आता गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास." ताई स्वतः नर्स. तिनं भरल्या सभेत माझ्याकडे पाणी मागितलं, गोळी गिळली आणि मोठ्यानं "आमेन" म्हणाली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

ताई गेली. "कुठंतरी विश्वास कमी पडला असेल," असं आईला सांगायलाही एक बाई आल्या. आई चर्चला जायची थांबली नाही, पण प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटतात त्या भाकरीचं, ताट आलं की न घेता शेजारी सरकवायची. सगळ्यांना दिसायचं. आमचे म्हातारे पाळक एका संध्याकाळी घरी आले, कारण विचारलं नाही, स्तोत्र ८८ वाचलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे स्तुतीवर येतात, हे अंधारातच संपतं. आई म्हणाली, "हे रविवारी का नाही वाचत?" पाळक म्हणाले, "लोकांना आवडत नाही." पुढे आई ताट घ्यायला लागली. मला विचाराल तर मी गायकवृंदात आहे, नारायण वामन टिळकांची ख्रिस्ती पदं मनापासून गातो. त्यापलीकडे छातीठोक काही सांगता येणार नाही.

वसईकर : मी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. वडिलांना माझ्या आत्म्यापेक्षा एकच काळजी : "देव मान, नको मानूस, पण दफनभूमी चर्चची आहे."

पुण्याची सून : माहेर हिंदू. लग्नानंतर सासरचे बाप्तिस्म्यासाठी मागे लागले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली वर्षं त्यांनी स्वतःची स्वतः काढली. हे सासूबाईंना सांगितल्यापासून विषय बंद आहे. येशू मला आवडतो. घाई आवडत नाही.

कॉन्व्हेंटमधली शिक्षिका : मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली. कित्येक वर्षं त्यांना आत नुसता अंधार जाणवत होता. आमच्याकडे सगळ्यांना म्हणे त्यानं धीर आला. मला राग आला. त्यांनी तर ती पत्रं नष्ट करा म्हणून सांगितलं होतं. एवढ्या बाईला हे फक्त धर्मगुरूंनाच सांगता यावं आणि आम्हाला कळावं ते त्या गेल्यावर? मी हे कन्फेशनमध्ये फादरना बोलले. ते म्हणाले, "राग येतो म्हणजे कुणावर तरी येतो ना?" उत्तर हुशार होतं, पटलेलं नाही.

सोलापूरकर : वसईकर, तुम्ही सुखी. आमच्याकडे दफनभूमीच्या जागेचाच वाद चाललाय, विश्वासाचं नंतर बघतील.