मदत हवी आहे: गोवा विमानतळावरून मालवण, सोबत वडील

वैदर्भीय: येत्या गुरुवारी दुपारी वडिलांना घेऊन नागपूरहून विमानाने गोव्यात उतरत आहे. गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही. विमानतळावर व्हीलचेअर मिळते का आणि तेथून मालवणला जाण्यास किती वेळ लागतो, एवढेच सांगावे. तिकीट काढून झाले आहे.

पेडणेकर: कोणता विमानतळ? दाबोळी की मोपा?

वैदर्भीय: गोव्याचा. वर तसे लिहिले आहे.

पेडणेकर: गोव्यात 5 जानेवारी 2023 पासून दोन विमानतळ चालू आहेत. मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात आहे आणि तेथून बांदा, सावंतवाडी जवळ पडते. दाबोळी वास्कोजवळ असल्याने तेथून झुआरी आणि मांडवी ओलांडून सगळा उत्तर गोवा पार करावा लागतो.

झाराप: मालवणला जायचे तर सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर उतरावे. 9 ऑक्टोबर 2021 ला त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

पेडणेकर: पेढे वाटले, पण तिकीट काढलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

जुना वास्कोकर: दाबोळीला नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की भारताने नाकेबंदी केल्यावर पोर्तुगिजांनी 1955 मध्ये तो बांधला, 18 डिसेंबर 1961 ला भारतीय कॅनबेरा विमानांनी त्याच्या धावपट्टीवर बाँब टाकले, तरीही त्याच रात्री तेथे अडकलेली दोन प्रवासी विमाने उरलेल्या धावपट्टीवरून उडून कराचीला पोहोचली. पुढे तो नौदलाकडे गेला. आजही तेथे आयएनएस हंसा हा तळ आहे आणि नागरी विमानांना त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते.

वैदर्भीय: इतिहास कोणी विचारला होता? व्हीलचेअरचे सांगा.

माईणकर: ती विमानतळाकडे नव्हे, विमान कंपनीकडे मागायची असते. किमान 48 तास आधी कळवावे आणि वडिलांना जिना चढता येतो की नाही तेही सांगावे, कारण व्हीलचेअरचा प्रकार त्यावर ठरतो. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. दाबोळीहून तीन-साडेतीन तास धरावेत.

वैदर्भीय: जीओआय आहे. भाचा मालवणहून गाडी घेऊन येणार आहे, त्याला मी मोपाला थांबायला सांगितले होते. आधी त्याला फोन करतो.