टॉवर लाइनमुळे गॅस पाइपलाइनवर एसी व्होल्टेज: १५ व्होल्टच्या आत आहे म्हणून सोडून द्यायचं का?

नमस्कार मंडळी,

आमची १८ इंची गॅस पाइपलाइन ४०० केव्हीच्या टॉवर लाइनला लागून साधारण ६ किलोमीटर समांतर जाते. कोटिंग थ्रीएलपीई (तीन थरांचं पॉलिथिलीन), सीपी म्हणजे कॅथोडिक प्रोटेक्शन (डीसी करंट देऊन गंज रोखणं) माझ्याकडे. गेल्या आठवड्यात टीएलपीचं (पाइपाची केबल वर आणलेली मोजणीची पेटी) झाकण उघडून केबलचा लग (टोकाचा धातूचा तुकडा) धरला आणि आमच्या मदतनिसाने झटकन हात मागे घेतला. हात घामाने ओले होते, बोटांना झिणझिण्या आल्या म्हणाला. मीटर लावला: दुपारी ९ व्होल्ट एसी, रात्री लाइनवरचा लोड वाढल्यावर १२. मधल्या टीएलपींवर मात्र जेमतेम २-३. सगळ्यात जास्त रीडिंग टॉवर लाइन वळून दूर जाते तिथे.

साहेब म्हणतात, १५ च्या आत आहे, विषय संपला. पण १५ व्होल्टची मर्यादा माणसाच्या स्पर्शासाठी आहे, पाइपाच्या गंजासाठी नाही. तिथली काळी माती २० ओहम-मीटरची. कोटिंगला एक चौरस सेंटिमीटरचं छिद्र धरलं, तर १२ व्होल्टला छिद्रातल्या करंटचा हिशोब दर चौरस मीटरला सुमारे १३५ अँपिअरवर जातो. १०० च्या वर गंज धरूनच चालतात. कोटिंग इतकं चांगलं की करंटला बाहेर पडायला तेवढंच बारीक छिद्र मिळतं, हीच खरी भीती आहे. सीपी वाढवूनही भागत नाही, अति वाढवली तर एसी गंज उलट बळावतो.

सरळ अर्थिंग जोडलं तर सीपीचा करंट तिकडेच वाहून जाईल, म्हणून मध्ये डीकपलर घालून झिंक रिबन (अर्थिंगची जस्ताची पट्टी) पुरायचा विचार आहे. डीकपलर एसी जमिनीत सोडतो, सीपीचा डीसी अडवतो.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांना विचारतो. रिबन फक्त दोन्ही टोकांना पुरली तर पुरते का, की एका टोकाचं व्होल्टेज उतरलं की दुसरीकडे चढतं? काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, तेव्हा रिबनभोवतीचा जिप्सम-बेंटोनाइटचा भराव मातीला धरून राहतो का? आणि साहेबांसमोर ठेवायला कूपनचं (पाइपाला जोडून पुरलेला उघड्या स्टीलचा नमुना तुकडा) रीडिंग २४ तासांचं चालेल, की आठवडाभर लॉगर ठेवू?

दोन्ही टोकांना शेतात ऊस उभा आहे. तोडणी झाली की खोदायला जेमतेम महिना मिळेल, त्याआधी ठरवायचं आहे.