रिमोट डेस्कटॉपमध्ये शिरलं की एनव्हीडीए गप्प

टकटक
लॅपटॉपवर विंडोज ११ आणि एनव्हीडीए (पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर). ऑफिसचं काम विंडोज सर्व्हर २०१९ वर, रिमोट डेस्कटॉपने. जोडणी होते, पण आत गेल्यावर फक्त विंडोचं नाव ऐकू येतं. नंतर टॅब दाबा, बाण दाबा, शांतता. सर्व्हरवर अ‍ॅडमिन हक्क नाहीत. आयटीकडे नेमकं काय मागू?

शब्दवेधी
आरडीपी, म्हणजे रिमोट डेस्कटॉपची जोडणी, तुमच्याकडे पलीकडच्या पडद्याचं निव्वळ चित्र पाठवते. बटणाचं नाव, चेकबॉक्सची स्थिती, कर्सर कुठे आहे, हे सगळं सर्व्हरवरच राहतं. लॅपटॉपवरच्या स्क्रीन रीडरला वाचायला काही मिळतच नाही. एनव्हीडीए सर्व्हरवर, तुमच्या सेशनमध्ये चालू हवा. मग त्याचं बोलणं इकडे आणायचं, आवाज म्हणून किंवा मजकूर म्हणून.

आवाज आणायचा तर आयटीला दोन गोष्टी सांगा: सर्व्हरवरची ‘विंडोज ऑडिओ’ सर्व्हिस ऑटोमॅटिक करा, आणि ग्रुप पॉलिसीत रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टखालच्या ‘डिव्हाइस अँड रिसोर्स रीडायरेक्शन’मध्ये ऑडिओ प्लेबॅकला परवानगी द्या. सर्व्हरवर ही सर्व्हिस बहुधा बंद असते. तुमच्याकडे रिमोट डेस्कटॉपच्या जोडणीच्या खिडकीत ‘शो ऑप्शन्स’, मग ‘लोकल रिसोर्सेस’ टॅब. रिमोट ऑडिओ ‘प्ले ऑन धिस कम्प्युटर’ आणि कीबोर्ड ‘ऑन द रिमोट कम्प्युटर’ करा. एवढं झालं की कंट्रोल+विंडोज+एंटरने सर्व्हरचा नॅरेटर (विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर) तरी बोलेल.

पण दिवसभराच्या कामाला हे पुरणार नाही. नेट जरा मंदावलं की कळ दाबल्यावर आवाज उशिरा येतो, आणि कंट्रोल दाबून गप्प केलं तरी बफरमधली वाक्यं संपेपर्यंत बडबड चालूच.

खिडकीपलीकडे
म्हणूनच मजकूर आणा. एनव्हीडीएच्या अ‍ॅड-ऑन स्टोअरमध्ये ‘आरडीअ‍ॅक्सेस’ नावाची जोड आहे. लॅपटॉप आणि सर्व्हर, दोन्हीकडच्या एनव्हीडीएत बसवायचं. लॅपटॉपवर ‘आउटगोइंग’, सर्व्हरवर ‘इनकमिंग’ जोडण्या चालू करा. सर्व्हरच्या सेशनमध्ये एनव्हीडीए+कंट्रोल+एस दाबून सिंथेसायझर (मजकुराचा आवाज करणारा भाग) म्हणून ‘रिमोट स्पीच’ निवडा. मजकूर आरडीपीच्याच व्हर्च्युअल चॅनेलमधून येतो, त्यामुळे वेगळं पोर्ट उघडावं लागत नाही. बोलतो तुमच्या लॅपटॉपचा आवाज, तुमच्या वेगाने. ब्रेल डिस्प्लेही चालतो. फायलींची नावं मराठीत असतील तर इकडचा आवाज देवनागरी वाचणारा निवडा. ईस्पीक एनजीत मराठी आहे.

वर्षाची पहिली एनव्हीडीए आवृत्ती (शेवटी .१ असलेली) आली की अ‍ॅड-ऑनची सुसंगतता तुटते. एका बाजूला घाईने अपडेट करू नका.

दोरीवरचा
एनव्हीडीए २०२५.१ पासून रिमोट अ‍ॅक्सेस (दुसरं मशीन लांबून चालवायची सोय) आतच आलंय, तेही मजकूरच पाठवतं. फक्त ते आरडीपीच्या बाहेरून, पोर्ट ६८३७ वरून जातं. ऑफिसची फायरवॉल ते बहुधा अडवेल, आणि कंपनीचा मजकूर मध्यस्थ म्हणून काम करणाऱ्या बाहेरच्या रिले सर्व्हरवरून फिरवायला आयटी तयार होणार नाही. रास्तच आहे. एखाद्याच्या घरच्या मशीनची दुरुस्ती लांबून करायला मात्र उत्तम.

टकटक
आरडीअ‍ॅक्सेस चाललं, आभार! आता विंडोचं नाव ऐकायला एनव्हीडीए+टी दाबलं की नेहमी इकडचाच एनव्हीडीए उत्तर देतो.

शब्दवेधी
दोन्हीकडे एनव्हीडीए-कळ (एनव्हीडीएच्या आज्ञांसाठी धरून ठेवायची कळ) एकच ठेवलीत म्हणून. एनव्हीडीए+कंट्रोल+के मध्ये जाऊन लॅपटॉपवर फक्त कॅप्स लॉक ठेवा, सर्व्हरवर फक्त इन्सर्ट. उलट करू नका: कॅप्स लॉक पलीकडे पाठवलं की त्याची स्थिती दोन्हीकडे बिनसू शकते, आणि पासवर्ड का चुकतोय ते कळत नाही. एखादीच कळ पलीकडे द्यायची असेल तर आधी एनव्हीडीए+एफ२.

सर्व्हरवर कंट्रोल+ऑल्ट+डिलीटऐवजी कंट्रोल+ऑल्ट+एंड. कीबोर्डच्या मूळ सेटिंगवर परत गेलात आणि रिमोटची विंडो पूर्ण पडद्यावर नसेल, तर ऑल्ट+टॅबऐवजी ऑल्ट+पेजअप.

खिडकीपलीकडे
आयटीकडून सर्व्हरवर इन्स्टॉल केलेलाच एनव्हीडीए मागा. पोर्टेबल प्रत तुमच्या फोल्डरमधून हक्कांशिवाय चालते, पण यूएसीचा (अ‍ॅडमिन परवानगी विचारणारा) पडदा आला की ती मुकी होते.