प्रमुखाने 'मला भीती वाटते' हे टीमला सांगावं का?

अरभाट
नेतृत्वावरच्या व्याख्यानांत 'हळवं व्हायला घाबरू नका' हे ऐकून कान किटले आहेत. तरी मुद्दा मला पटतो. वरचा माणूस कधीच घाबरत नाही असं चित्र उभं राहिलं, की खालचेही आपली धास्ती गिळतात. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ. धुकं, आणि एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमानं. उड्डाणासाठी धावत सुटलेल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, दुसरं, पॅन अ‍ॅमचं विमान अजून बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठासून म्हणाला, झालंय. कॅप्टन म्हणजे कंपनीच्या वैमानिक प्रशिक्षणाचा प्रमुख. त्याच्यापुढे पुन्हा तोंड कोण उघडणार? विमानं आदळली, ५८३ माणसं गेली.
म्हणून माझं मत: अवघड काम हाती घेताना 'मलाही धास्ती वाटतेय' हे प्रमुखाने स्वतःच्या तोंडाने म्हणावं. धाडस त्यातच आहे.

खडूस
असहमत. टेनेरिफचा कॅप्टन ऐकत नव्हता, हा त्याचा दोष. त्याने भीती बोलून दाखवली नाही, हा नव्हे. तुम्ही दोन्हींची एकच मोट बांधलीत.
माझं उदाहरण आयझेनहॉवरचं, दुसऱ्या महायुद्धातल्या दोस्त सैन्याच्या सेनापतीचं. ५ जून १९४४, दुसऱ्या दिवशी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर हल्ला. त्याने मोहीम फसली तर जाहीर करायची चिठ्ठी पेन्सिलने लिहून पाकिटात ठेवली. आधी लिहिलं होतं 'सैन्य मागे घेण्यात आलं आहे'. ते खोडून 'मी सैन्य मागे घेतलं आहे' केलं. तारीख मात्र चुकून ५ जुलै पडली, म्हणजे डोक्यावर किती ताण असेल बघा. आणि त्याच संध्याकाळी छत्रीधारी सैनिकांमध्ये जाऊन तो गप्पा मारत होता, कुठला रे तू, घरी काय करतोस. चिठ्ठी खिशातच राहिली. उडी मारायला निघालेल्या पोराला सेनापतीची भीती कळून काय उपयोग झाला असता?

पगारी_नोकर
+१ खडूस. आमचे साहेब व्याख्यान ऐकून आलेत. आता दर सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगतात की त्यांना रात्री झोप लागत नाही. मग आम्ही सगळे त्यांची समजूत काढतो. कामाचं बोलायला मंगळवार उजाडतो. मोकळे ते झाले, ओझं आमच्या डोक्यावर.

भूलतज्ज्ञ
ऑपरेशन थिएटरमधून लिहिते. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी तपासणी यादी काढली. त्यात चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबायचं असतं. सर्जनने सांगायचं: अवघड टप्पा कुठला, वेळ किती लागेल, रक्त किती जाईल.
काही सर्जन हे 'नेहमीचंच आहे' म्हणून उरकतात. आमच्या एक मॅडम तसं करत नाहीत. परवा म्हणाल्या, "गाठ मोठ्या शिरेला चिकटलीय. तिथे हात लावायची मला भीती आहे. मी 'थांबा' म्हटलं की कुणी काही ओढायचं नाही, आणि रक्ताच्या पिशव्या आत्ताच आत आणून ठेवा." एवढंच. सिस्टरने पिशव्या आणल्या, मी दुसरी मोठी सुई लावून ठेवली. आवाज कापला नाही, कुणाला धीरही द्यावा लागला नाही. पगारी_नोकर, तुमच्या साहेबांच्या सांगण्यात कुणाला काही करायला मिळतं का? मला वाटतं सगळा फरक तिथे आहे.

खडूस
पण ताई, हा तर धोक्याचा अहवाल झाला! 'मला भीती आहे' ऐवजी 'इथे धोका आहे' म्हटलं असतं तरी पिशव्या आल्याच असत्या.

भूलतज्ज्ञ
आल्या असत्या. पण नंतर शिकाऊ डॉक्टर आपणहून म्हणाला, "मॅडम, मला इथून नीट दिसत नाहीये." 'नेहमीचंच आहे' म्हणणाऱ्यांच्या टेबलावर हे वाक्य मी क्वचित ऐकते. सिद्ध नाही करता येणार, मान्य.

अरभाट
हेच म्हणायचं होतं, मला नीट मांडता आलं नाही. २००९ मध्ये हडसन नदीत विमान उतरवणारा सलनबर्गर आठवा. पाण्याला टेकायला अर्धं मिनिटही नसताना त्याने सहवैमानिकाला विचारलं, काही सुचतंय का? तो म्हणाला, खरं तर नाही. इतक्या अनुभवी कॅप्टनने तेव्हाही विचारलं. १५५ च्या १५५ वाचले.

खडूस
आणि प्रवाशांना काय सांगितलं? धक्क्यासाठी सज्ज राहा. बस्स. 'मला काही सुचत नाहीये' असं माइकवर नाही म्हणाला. शेजारच्या खुर्चीला विचारणं वेगळं, सगळ्या विमानाला ऐकवणं वेगळं. तुमच्या धाग्याचं शीर्षक 'टीमला' असं आहे.

सावली
सगळी उदाहरणं आधीच मान मिळवलेल्या माणसांची आहेत, हे कुणाच्या लक्षात आलंय का? तीस वर्षं काढलेला प्रमुख 'मला धास्ती वाटतेय' म्हणाला की लोक म्हणतात, किती प्रामाणिक! हेच नवी मॅनेजर म्हणाली की म्हणतात, हिला झेपत नाहीये. बढती मिळाल्यावर पहिल्याच मोठ्या कामात मी म्हटलं होतं की ही मुदत मला घाबरवतेय, दोन टप्पे करू. टप्पे केले, काम वेळेत गेलं. वर्षअखेरच्या शेऱ्यात आलं: 'दबावाखाली डळमळतात.' माझ्याच बरोबरीच्या सहकाऱ्याने गाजावाजा करत मुदत चुकवली, त्याला 'आत्मविश्वासू'.

अरभाट
हे वाईट आहे. पण म्हणूनच वरच्यांनी आधी बोलायला हवं ना? त्यांनी वाट केली तर तुम्हाला जड जाणार नाही.

सावली
वाट करतील तेव्हा करतील. तोवर मी 'धोका आहे' असंच म्हणणार, खडूस म्हणतात तसं. भीती फक्त दोघींना सांगते, त्या माझ्या हाताखाली नाहीत.

खडूस
चला, कुणीतरी माझं ऐकलं. पण ते शेरे वाचून आनंद नाही झाला. शेरा लिहिणाऱ्याला कुणी विचारलं का, की नेमकं कधी डळमळल्या?

सावली
मीच विचारलं, लेखी. उत्तर आलं की 'एकंदर भावना आहे'.