विषय: मंडळाच्या कॉम्प्युटरवरचे फोटो बिघडताहेत

सप्रेम नमस्कार मंडळी,
स्मरणिकेसाठी जुन्या गणेशोत्सवाचे फोटो काढायला बसले तर बऱ्याच फोटोंचा खालचा भाग राखाडी. आरतीच्या फोटोत तबकापर्यंत सगळं नीट, त्याखाली नुसते गुलाबी पट्टे. नाटकाची झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलमधला डेटा तपासणीच्या आकड्याशी जुळत नाही) येते. गंमत म्हणजे काल बिघडलेला फोटो आज रीस्टार्टनंतर चांगला दिसला, आणि शेजारचा गेला! कॉम्प्युटर विचारतोय, डिस्क दुरुस्त करू का? हो म्हणू?
– चिटणीस

---

डिस्क म्हातारी झाली असेल. नवीन घ्या, बिल माझ्याकडे पाठवा. (कार्यकारिणीने आधी मंजूर करावं.)
– खजिनदार

---

अगं, 'हो' म्हणू नकोस! मशीन बंद कर आणि तसंच राहू दे.

कालचा बिघडलेला फोटो आज चांगला दिसला ना? म्हणजे डिस्कवर तो शाबूत आहे, बिघडतोय तो वाचताना. अशा वेळी दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला तर त्यालाही सगळं चुकीचंच दिसणार, आणि चांगल्या नोंदी खोडून तो त्यावर आपलं शहाणपण लिहून ठेवणार. बिघडलेला चष्मा लावून वहीतल्या चुका सुधारण्यातला प्रकार. खजिनदारसाहेब, नवी डिस्क लावली तरी चष्मा तोच!

एक सांग, दिवाळीआधी कोणीतरी रॅम २ जीबीची ८ केली होती ना?
– काका

---

हो काका, केली होती. पण मेमरी टेस्ट रात्रभर चालवली होती, एकही चूक नाही.
– चिटणीस

---

मग रॅम निर्दोष. डिस्क आणि मेमरी यांच्यात डेटाची ने-आण करणाऱ्या जुन्या काही कंट्रोलर चिप 'आम्हाला ६४ बिट पत्ते (म्हणजे ४ जीबीच्या पलीकडच्या मेमरीचेही) कळतात' असं सांगतात, पण ४ जीबीच्या वरच्या मेमरीत डेटा धड पोचवत नाहीत. ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम, त्यांच्यावर विश्वास ठेवतो. २ जीबी होती तोवर हे उघडकीला यायचं कारणच नव्हतं. असे गुन्हेगार पटकन सापडत नाहीत. २०१८ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या ४.१९ आवृत्तीवर फाइली खराब व्हायला लागल्या तेव्हा आधी संशय एक्स्ट४ फाइलसिस्टमवर (डिस्कवरच्या फाइलींची मांडणी ठेवणाऱ्या भागावर) आला, चूक निघाली त्याखालच्या ब्लॉक लेयरमध्ये, म्हणजे डिस्कपर्यंत वाचण्या-लिहिण्याच्या विनंत्या पोचवणाऱ्या थरात.

शनिवारी येऊन डिस्क काढली आणि माझ्या मशीनला फक्त वाचण्यापुरती जोडली. सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घेतल्या. प्रत्येकीचा शा-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) दोनदा काढला, मधे रीस्टार्ट करून, नाहीतर दुसऱ्या वेळी आकडा डिस्कवरून न येता मेमरीतल्या कॅशमधूनच (आधी वाचलेल्या डेटाच्या तात्पुरत्या साठ्यातून) येतो. सगळे जुळले. आरतीचं तबकही खालपर्यंत आलं, निरांजनासकट.

मंडळाच्या मशीनमधली वाढीव रॅम सध्या काढून ठेवली आहे. कंट्रोलरचा सुधारित ड्रायव्हर घातला की परत लावू, पण त्याआधी एक मोठी फाइल दहा वेळा कॉपी करून जुळवून बघणार.

वाईट बातमी एवढीच की रॅम वाढल्यानंतर ज्या फाइली *लिहिल्या* गेल्या, त्यातल्या काही डिस्कवरच चुकीच्या उतरल्या आहेत. त्यांचं काही होणार नाही. रेडचा आरसाही (एकच डेटा दोन डिस्कवर ठेवण्याची सोय) उपयोगाचा नाही, बिघडलेलाच डेटा दोन्ही डिस्कवर इमानेइतबारे गेलाय.
– काका

---

मंडळी, दिवाळी पहाटेचे फोटो ज्यांच्या फोनमध्ये असतील त्यांनी मूळ फाइली ईमेलने पाठवा. व्हॉट्सॲपवर नकोत, तिथे ते आक्रसतात. काका, तुमचा चहा आणि चकल्या राहिल्यात.
– चिटणीस

---

चकल्यांना मंजुरी लागणार नाही.
– खजिनदार